‘छान आहे’ म्हणताना

पापनिवेदनाच्या वेळी खोटेपणाची आठवण झाली, की आपल्या डोळ्यांसमोर येते ते कुणाला फसवण्यासाठी किंवा स्वतःला वाचवण्यासाठी केलेले असत्य भाषण. समोरच्याला बरे वाटावे म्हणून आपण जे बोलतो, ते आपण त्या हिशेबात धरीत नाही. उलट तो आपला चांगुलपणा आहे, असेच मनोमन समजतो. मीही अनेक वर्षे तसेच समजत होतो.

मी शाळेत मराठी शिकवीत असे. त्यामुळे आमच्या धर्मग्रामात कुणी काही लिहिले, की ते वाचण्यासाठी माझ्याकडे येई. नवदीक्षित धर्मगुरूंसाठी अभिनंदनपर काव्य, लग्नाच्या रौप्यमहोत्सवाचे मानपत्र, नाताळच्या एकांकिकेची संहिता, कुणाच्या वडिलांवरचा मृत्युलेख. एके दिवशी माझा एक जुना विद्यार्थी शंभर पानी वही घेऊन आला. मुंबईतल्या एका कचेरीत तो नोकरीला होता आणि विरारच्या गाडीत, येता-जाता, बसायला जागा मिळाली तर तो लिहीत असे. वहीत चोपन्न कविता होत्या. मी वीसेक वाचल्या. त्यांपैकी सहा-सात कवितांत खरी ठिणगी होती. वाडीतली विहीर, पाणी शेंदणारी आजी, पावसात भिजलेल्या केळीच्या पानांचा आवाज, हे सारे त्याने स्वतः पाहिलेले होते. उरलेल्या कवितांत ‘जीवन’, ‘वेदना’, ‘आसवे’ असे मोठमोठे शब्द होते आणि ते त्याचे नव्हते. ते कुठल्याही शुभेच्छापत्रावर सापडले असते.

हे मला स्पष्ट दिसत होते. तो म्हणाला, “सर, कशा वाटल्या?” मी म्हणालो, “छान आहेत रे. पुस्तक काढायला हरकत नाही.”

असे मी का म्हणालो? त्या दिवशी मी दमलेलो होतो. त्याची आई त्याच वर्षी वारली होती आणि त्याला दुखवणे जिवावर आले होते. शिवाय तो माझ्या दारातून जाताना माझ्याविषयी चांगले मत घेऊन जावा, अशी माझी इच्छा होती. आज मागे वळून पाहताना वाटते, की या तीन कारणांपैकी तिसरेच खरे होते.

त्याने पतसंस्थेतून कर्ज काढले आणि पाचशे प्रती छापून घेतल्या. प्रस्तावना माझी होती, दोन पाने, आणि तिच्यात एकही वाक्य असे नव्हते की ज्याच्यासाठी वही वाचण्याची गरज पडावी. चर्चच्या सभागृहात प्रकाशन झाले, वडे आणि चहा झाला, हार झाले. सहा महिन्यांनी वसईबाहेरच्या एका नियतकालिकात चार ओळींचे परीक्षण आले. समीक्षकांनी कवितांची चेष्टा केली होती. माझ्या प्रस्तावनेविषयी मात्र ते काही बोलले नव्हते. बहुधा दया आली असावी. तो कात्रण घेऊन माझ्याकडे आला.

“सर, हे यांनी जे लिहिलंय, ते तुम्हाला तेव्हा दिसलं होतं का?”

“दिसलं होतं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

मला उत्तर देता आले नाही. तो थोडा वेळ बसला, चहा घेतला आणि गेला. त्यानंतर अकरा वर्षे त्याने एक ओळही लिहिली नाही. समीक्षकांच्या चार ओळींमुळे तो थांबला, असे लोक म्हणत. मला ते खरे वाटत नाही. त्या चार ओळी कठोर होत्या, पण त्या परक्या माणसाच्या होत्या. ज्याच्यावर विश्वास टाकला तो खरे बोलला नाही, हे कळल्यावर माणूस कुणाला वही दाखवणार?

1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक कॅटेकिझममध्ये खोट्या साक्षीविषयीच्या आठव्या आज्ञेचे विवेचन आहे. तेथे खुशामतीचाही विचार केलेला आहे. दुसऱ्याला वाईट मार्गावर दृढ करणारी स्तुती गंभीर दोषाची ठरते. केवळ गोड वाटावे म्हणून केलेली स्तुती त्या मानाने लहान पाप ठरते. मात्र मैत्रीसाठी किंवा उपयोगी पडण्याच्या इच्छेने केली, तरी दुटप्पी वाणीचे समर्थन होत नाही. आता वाईट कविता लिहिणे हा काही दुराचार नव्हे, हे मान्य. तेव्हा ग्रंथाच्या हिशेबाने माझे पाप लहानच. पण पतसंस्थेचे हप्ते त्या तरुणाने फेडले आणि पलंगाखालचे पुस्तकांचे गठ्ठे त्याच्या बायकोने दर पावसाळ्यात उन्हात वाळवले, हेही त्याच हिशेबात मांडावे लागते.

विशेष म्हणजे त्याच विवेचनात, खुशामतीच्या परिच्छेदाच्या जरासे आधी, अविचाराने दुसऱ्याला दोषी ठरवण्याचाही समाचार घेतला आहे. म्हणजे खोटी स्तुती आणि उतावळा दोषारोप या दोन्ही गोष्टी एकाच आज्ञेखाली, जवळजवळ एकाच पानावर येतात. हे वाचले तेव्हा मी थबकलो. कारण माझ्या प्रस्तावनेचा पश्चात्ताप झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो. ‘आता स्पष्ट बोलायचे’ असे ठरवून मी दोन-तीन वर्षे धर्मग्रामात बराच उत्पात केला. स्पष्टवक्तेपणाच्या नावाखाली माणूस किती आळशी होऊ शकतो, याचा तो माझा अनुभव.

त्या काळातली एक हकीकत सांगतो. आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्मरणिका निघणार होती. उपयोजित कलेचे शिक्षण घेतलेल्या आमच्याच एका मुलीने मुखपृष्ठ तयार केले. मोबदला काहीही नाही. पांढऱ्या पानाच्या खालच्या भागात बावखलाचे पाणी होते आणि त्या पाण्यात चर्चच्या दर्शनी भागाचे उलटे प्रतिबिंब. वर काठावर चर्च नव्हतेच, नुसते आकाश. आम्ही समितीचे नऊ जण बसलो होतो. एक म्हणाले, “चर्च उलटे का काढले?” दुसरे म्हणाले, “क्रूस जरा मोठा करायला हवा.” तिसऱ्यांना निळा रंग फिका वाटला. कुणाला बिशपांचे छायाचित्र हवे होते, कुणाला आश्रयदात्या संताचे. मी म्हणालो, “पान फार रिकामे वाटते.” प्रत्येकाने एकेक सूचना केली, प्रत्येकाला आपण काही भर घातली असे वाटले, आणि तिने निमूटपणे सर्वांचे ऐकले. शेवटी जे छापले गेले त्यात पाच छायाचित्रे, सोनेरी अक्षरे आणि खूप मोठा क्रूस होता. त्यात तिचे असे काहीही उरले नव्हते.

नऊ जणांपैकी एकानेही तिला ‘हे असे का केलेस?’ असे विचारले नाही. तो खुलासा मला पुष्कळ दिवसांनी, सहज बोलता बोलता झाला. जुने चर्च पाडून नवे बांधले गेले तेव्हा ती लहान होती. तिच्या आजीने तिला सांगितले होते, की बावखलावर कपडे धुताना पाण्यात जुन्या चर्चचे तोंड दिसत असे. आता काठावर ते चर्च नाही. म्हणून चित्रातही ते फक्त पाण्यात होते.

“उलटे का?” हा प्रश्न आमच्यापैकी एकाने केला होता, हे खरे. पण त्या प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हते, हे तिलाही कळले आणि आम्हालाही ठाऊक होते.

येथे मला संत इग्नेशियस लोयोला यांची आठवण होते. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेच्या प्रारंभी एक छोटीशी सूचना आहे. साधना देणारा आणि साधना करणारा या दोघांत समज चांगला राहावा म्हणून ती दिली आहे. तिचा आशय असा, की चांगल्या ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या विधानाचा शक्यतो चांगला अर्थ लावायला तत्पर असावे. तसा अर्थ लागत नसेल, तर त्याला ते कसे अभिप्रेत आहे हे विचारावे. त्याचा अर्थ चुकीचा असेल, तर प्रीतीने सुधारावे. आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर योग्य ते सर्व उपाय शोधावेत. कॅटेकिझमने उतावळ्या निवाड्याच्या संदर्भात नेमकी हीच सूचना उद्धृत केली आहे.

आपण या सूचनेचा पहिलाच भाग लक्षात ठेवतो आणि तिला सौम्यपणाचा उपदेश समजतो. पण तिचा क्रम पाहावा. तिच्यात ‘चुकीचे असेल तर’ ही शक्यता उघडपणे धरलेली आहे आणि तेथे गप्प बसण्याची मुभा नाही. फक्त त्याआधी एक पायरी आहे, विचारण्याची. मी वहीच्या बाबतीत सुधारण्याची पायरी गाळली आणि मुखपृष्ठाच्या बाबतीत विचारण्याची.

इग्नेशियस यांना हे सुचावे याला कारण होते. 1527 साली सालामांका येथे त्यांना बेड्या घालून बावीस दिवस तुरुंगात ठेवले होते. त्यांनी आपली साधनेची टिपणे तपासणीसाठी न्यायाधीशांच्या हाती दिली होती. निकालात त्यांच्या शिकवणुकीत दोष सापडला नाही. पण अधिक अभ्यास होईपर्यंत अमुक पाप गंभीर आणि अमुक लहान, हे त्यांनी सांगू नये, असे बंधन घातले गेले. पोप तिसरे पॉल यांनी त्या पुस्तिकेला मान्यता दिली ती 1548 साली, म्हणजे तब्बल एकवीस वर्षांनंतर. आपले लिखाण परक्याच्या हाती देऊन निकालाची वाट पाहत बसणे म्हणजे काय, हे त्या माणसाने भोगले होते.

ख्रिस्तसभेला पुस्तके तपासण्याचा अनुभव मोठा आणि तो सर्वच अभिमानास्पद आहे असे म्हणता येणार नाही. निषिद्ध ग्रंथांची यादी 1966 पर्यंत चालू होती. पण त्या कठोर व्यवस्थेतही पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी 1753 साली परीक्षकांसाठी जे नियम घालून दिले, ते आजच्या कुठल्याही संपादक मंडळाने भिंतीवर लावावेत असे आहेत. ज्या विषयाचे ज्ञान नाही त्या विषयाचे पुस्तक परीक्षकाने स्वीकारू नये. आपला देश, आपला संघ, आपले मत यांचा अभिमान बाजूला ठेवावा. आणि संदर्भातून तोडलेल्या एखाद्या वाक्यावरून निकाल देऊ नये, संपूर्ण ग्रंथ वाचावा. आम्ही मुखपृष्ठावर मत देणारे नऊ जण! आमच्यापैकी एकालाही चित्रकलेचे ज्ञान नव्हते. मग आम्ही काहीच बोलायला नको होते काय? तसे नाही. ‘स्मरणिका हातात घेणाऱ्याला वाटेल की छापताना चित्र उलटे लागले’ ही अडचण खरी होती आणि ती आम्हीच सांगू शकत होतो, कारण स्मरणिका हातात घेणारे आम्हीच होतो. अडचण सांगणे हे आमचे काम होते, उपाय शोधणे हे तिचे. ‘क्रूस मोठा करा’ म्हणताना आम्ही आमची अडचण गिळली आणि तिच्या हातातला कुंचला घेतला.

इथवर सारे सरळ वाटते. पण विचारूनही, प्रीती असूनही माणूस चुकतो, त्याचे काय? येशूसंघातल्याच एका कवीची हकीकत या बाबतीत मला अनेक वर्षे छळते आहे.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी 1868 साली येशूसंघात प्रवेश करताना आपल्या कविता जाळल्या आणि पुढची सात वर्षे जवळजवळ मौनात काढली. 1875 च्या डिसेंबरात ‘डॉइचलँड’ हे जहाज टेम्स नदीच्या मुखाजवळ वाळूच्या दांड्यावर रुतले. जर्मनीतील कॅथलिकविरोधी कायद्यांमुळे देशाबाहेर निघालेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी तिच्यात बुडाल्या. हॉपकिन्स तेव्हा वेल्समध्ये ईशज्ञानाचे शिक्षण घेत होते. या घटनेवर कुणीतरी कविता लिहावी, असे त्यांचे वरिष्ठ सहज बोलले, आणि त्यांनी पस्तीस कडव्यांची दीर्घ कविता लिहिली. तिची लय इंग्रजी कानांना सर्वस्वी नवी होती. त्यांनी ती येशूसंघाच्या ‘द मंथ’ या मासिकाकडे पाठवली. संपादक फादर हेन्री कोलरिज हे त्यांचे जुने स्नेही. त्यांनी आधी अनुकूलता दाखवली. मग अंक निघत राहिले आणि कविता काही छापली गेली नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या एका जहाजावरची कविता पाठवली, तीही नाकारली गेली.

दुसरीकडे होते ऑक्सफर्डचे मित्र रॉबर्ट ब्रिजेस. ते कॅथलिक नव्हते आणि या कवितेतली श्रद्धा त्यांना परकी होती. त्यांची पत्रे आज उपलब्ध नाहीत; हॉपकिन्स यांच्या उत्तरांवरून कळते, की कितीही पैसे दिले तरी ही कविता पुन्हा वाचणार नाही, असे त्यांनी मित्राला चक्क कळवले होते. हॉपकिन्स यांनी मैत्री तोडली नाही. पुन्हा वाच, अशी त्यांनी विनंती केली. पुढे दुसऱ्या कवितेच्या वेळी त्यांनी लिहिले, की माझी कविता कानांनी वाच, म्हणजे ती नीट लागेल. आणि ब्रिजेस यांच्या कवितांवर स्वतःही तितक्याच स्पष्टपणे, शब्दाशब्दावर बोट ठेवून लिहीत राहिले.

1889 साली हॉपकिन्स वारले. त्यांच्या कवितांचा संग्रह निघाला 1918 साली, आणि तो काढला ब्रिजेस यांनी. एकोणतीस वर्षे त्यांनी मित्राचा प्रत्येक कागद जपून ठेवला होता. प्रस्तावनेत मात्र त्यांनी कवितांमधील दुर्बोधता आणि अभिरुचीचे दोष नोंदवायला कमी केले नाही. साडेसातशे प्रती खपायला दहा वर्षे लागली. आज त्या कवितांवाचून इंग्रजी धार्मिक काव्याचा विचारच होऊ शकत नाही.

ब्रिजेस यांचे मत चुकीचे होते, असे आज म्हणता येते. संपादकही चुकले, मात्र त्यांनी दुष्टपणा केला असे मला वाटत नाही, आपल्या वाचकांना हे झेपणार नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत असावी. तरीही या दोन चुका मला सारख्या वाटत नाहीत. एका चुकीने कवीला काही कळू दिले नाही, तो वाट पाहत राहिला. दुसरीने त्याला वाद घालायला जागा दिली. स्वतःला न आवडलेला कागद एकोणतीस वर्षे जपून ठेवणे, हे माझ्या प्रस्तावनेतल्या दोन पानांच्या स्तुतीपेक्षा कितीतरी मोठे आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरे आहे.

आपल्या समाजात आणखी एक प्रकारची स्तुती चालते. ‘आपला मुलगा आहे, लिहितो हेच पुष्कळ’ ही ती स्तुती. पूर्वी आपल्यातले लिहिणारे थोडे होते तेव्हा ती समजण्यासारखी होती. पण फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, आणि ‘सुवार्ता’चे अनेक वर्षे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एवढी परंपरा पाठीशी असताना आपल्या लेखकाला लहान मुलासारखे गोंजारणे हा त्याचा अपमानच होय. त्याला मराठीतल्या कुठल्याही लेखकासारखे वाचावे. पण ज्या समीक्षकांनी चार ओळींत माझ्या विद्यार्थ्याचा निकाल लावला, त्यांनीही त्याला तसे वाचले होते असे नाही. सहा-सात कविता त्यांच्याही डोळ्यांखालून गेल्या असणारच.

संत लूकच्या शुभवर्तमानातील निष्फळ अंजिराचा दाखला आपण प्रायश्चित्तकाळात ऐकतो. मी वाडीवाल्याचा मुलगा, त्यामुळे त्यातल्या माळ्याकडे माझे लक्ष नेहमी जाते. मालक म्हणतो, तीन वर्षे फळ नाही, तोडून टाक. माळी मालकाला खोडून काढीत नाही. झाडाला फळ आहे, असे तो म्हणत नाही. पाने किती छान आहेत, असेही म्हणत नाही. तो एक वर्ष मागतो, आणि ते वर्ष स्वतःच्या अंगावर घेतो: भोवती खणीन, खत घालीन. पुढे फळ आले की नाही, ते दाखल्यात सांगितलेले नाही. खणणे काय असते हे आमच्याकडे ज्याने केळीच्या आळ्यात उन्हातान्हात कुदळ मारली आहे, त्याला सांगायला नको. ‘छान आहे’ म्हणायला कुदळ लागत नाही. ‘टाकाऊ आहे’ म्हणायलाही लागत नाही.

गेल्या प्रायश्चित्तकाळात, क्रुसाच्या वाटेची भक्ती संपल्यावर, तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. केस पिकू लागले आहेत. म्हणाला, “सर, पुन्हा लिहायला लागलोय. वाचाल का? पण या वेळी छान आहे म्हणू नका.”

नव्या वहीत एकतीस कविता आहेत. मी त्या सगळ्या दोनदा वाचल्या. एकदा डोळ्यांनी आणि एकदा स्वयंपाकघरात मोठ्याने, पत्नीला ऐकू जाईल अशा. पेन्सिल घेऊन बसलो. नवव्या कवितेत आजी पुन्हा विहिरीवर आली आहे. पण या वेळी तिच्या हातात दोर नाही, आणि तरी ती शेंदण्याचे हातवारे करते आहे. मला वाटले, हा तपशील त्याच्या हातून सुटला. दुरुस्ती लिहिण्यासाठी मी पेन्सिल टेकवलीही होती. मग खोडरबराने ती खूण पुसली आणि समासात लिहिले, “दोर कुठे गेला?”

अठरा कवितांपुढे ‘ही नको’ असे लिहिले आहे. प्रत्येकीखाली कारण लिहायचे होते. अकरांचे लिहून झाले, सात राहिल्या आहेत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर तो यायचा आहे.